शिक्का, मोर्तब आणि एसएसएच

आजची गोष्ट काशीतली आहे.

वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट हा जुन्या मराठी वस्तीचा भाग. तिथल्या एका घरात मी मोडी कागदांचे फोटो काढत होतो. घरच्या काकूंची अट एकच होती: "फोटो भलत्याच्या हाती पडू देऊ नकोस. यात घरातली कर्जं आहेत, भांडणं आहेत."

रात्री ते फोटो पुण्याच्या सर्व्हरवर एससीपीने पाठवू लागलो, तर कमांड अडली. इशारा आला: समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कदाचित कोणी मधे बसून ऐकत असेल.

अशा वेळी आपण काय करतो? जुनी नोंद पुसतो, 'यस' टाइप करतो आणि पुढे जातो. मीही तेच करणार होतो.

पण हा इशारा आला कुठून? १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले. तेव्हा टेलनेट आणि एफटीपीतून पासवर्ड उघडाच जाई. तिथले संशोधक तातू यलोनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच लिहून खुलं केलं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. त्यांनी मधला २२ मागून घेतला. मजकूर कुलूपबंद झाला. पण पेटीच चुकीच्या माणसाला दिली, तर कुलूप काय कामाचं? म्हणून प्रत्येक सर्व्हरला स्वतःची ओळख-किल्ली असते.

आपल्याकडे ही युक्ती नवी नाही. शिवकालीन राजपत्रांवर वर शिक्का, शेवटी मोर्तब. शिक्का सांगे, पत्र कोणाचं. मोर्तब सांगे, मजकूर इथे संपला; खाली कोणी ओळ घुसडली तर ती खोटी.

मी पुण्याला फोन लावला. सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राने त्या यंत्रासमोर बसून किल्लीचा ठसा अक्षर-अक्षर वाचून दाखवला. जुळला. आठवड्यापूर्वी त्यांनी सिस्टम नव्याने टाकली होती. मगच मी जुनी नोंद काढली. हा झाला शिक्का.

मधेच नेट गेलं. दोन्हीकडे शा-२५६ची बेरीज काढली, तेव्हा एक फोटो अर्धाच पोचलेला दिसला. आरसिंकने राहिलेलं पाठवलं, पुन्हा बेरीज केली, जुळली. हे मोर्तब.

तेव्हा मंडळी, इशारा आला की चिडू नका. ज्या यंत्राची ओळख बदलली म्हणतात, त्याच्या माणसाला दुसऱ्या वाटेने विचारा. माझा तो फोन पाच मिनिटांचा होता. सकाळी काकूंना मी खाली मान न घालता सांगू शकलो, कागद नीट पोचले.