खरखरीत रक्तपृष्ठ (हृदयसाहाय्यक पंपातील)

गुठळ्या टाळण्यासाठी हृदयसाहाय्यक पंपाच्या आतल्या भिंतीला मुद्दाम दिलेला खडबडीतपणा. परक्या वस्तूला लागले की रक्त साकळते, म्हणून पंप आतून शक्य तितका गुळगुळीत हवा, हा जुना समज. हार्टमेट पंपाने उलट वाट धरली. टायटॅनियमचे ५० ते ७५ मायक्रोमीटरचे, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचे, मणी तापवून भिंतीवर जोडले. पॉलियुरेथेनच्या पडद्यावर बारीक लव ठेवली. या खाचाखळग्यांत फायब्रिनचा पातळ थर घट्ट धरतो, त्यावर रक्तातल्याच पेशी वस्ती करतात आणि पुढचे रक्त धातूऐवजी या अस्तराला भिडते. गुठळी होते, पण सुटून मेंदूकडे जात नाही, ही खरी करामत. या पंपाच्या हार्टमेट एक्सव्हीई आवृत्तीच्या बऱ्याच रुग्णांचे वॉर्फरिन या गुठळीरोधक औषधाशिवाय, नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर भागे. तो पंप मागे पडला तो झीज आणि जंतुसंसर्गामुळे. अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळालेल्या हार्टमेट २ मध्ये फिरता भाग आला, तो गुळगुळीत ठेवला आणि वॉर्फरिन परतले. हार्टमेट ३ च्या रुग्णांत वॉर्फरिन चालू ठेवून अ‍ॅस्पिरिन वगळले तरी गुठळ्या वाढत नाहीत, रक्तस्राव मात्र घटतो, असे २०२३ च्या एरीज चाचणीत दिसले.