पारधीचा वाटा

आजोबांना पारधीची गोष्ट सांगायला लावली की ते सुरुवात देवळापासून करत. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात शिमग्याच्या दिवसांत गावपारध निघे. आधी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं, मग कौल. देवीने उजवा कौल दिला तरच माणसं रानात शिरत. डावा आला तर बंदुका खुंटीवरच राहत, मग डुकरांनी रताळ्यांचं कितीही वाटोळं केलेलं असो.

कौल मिळाला की सकाळी रान वेढायचं. हाकारे पत्र्याचे डबे बडवत, आरोळ्या देत करवंदीच्या जाळ्यांतून पुढे सरकत, गावठी कुत्री माग काढत, आणि डुकराच्या येण्याजाण्याच्या वाटा धरून ठासणीच्या बंदुका घेतलेली माणसं बसलेली. ठासणीच्या बंदुकीत बार एकच. तो चुकला तर दुसऱ्यांदा दारू ठासेपर्यंत चवताळलेलं डुक्कर अंगावर आलेलं असे. आजोबांच्या चुलत्यांच्या मांडीवर सुळ्याची खूण मरेपर्यंत होती.

पण आजोबांचा आवाज खरा चढे तो वाटणीपाशी. डुक्कर पडलं की ते खांद्यावरून देवळाजवळ आणायचं आणि जाणत्या माणसांनी वाटे पाडायचे. पहिला देवीचा. मग ज्याचा बार लागला त्याचा मानाचा वाटा. ज्याच्या कुत्र्याने डुक्कर अडवलं, त्याला कुत्र्याचा म्हणून वेगळा. बाकीचं मांस गावातल्या घरांत सारखं. ज्या घरात पारधीला जाणारा पुरुषच नाही, त्या विधवेच्या घरीही वाटा पोचता व्हायचा, आणि तोही आधी. आजोबा म्हणत, “झिला, एकाचो वाटो चुकलो, तर फुडच्या पारधीक देव डुकर दाखवचो नाय.” ते मटण घरातल्या चुलीवर चढत नसे. अंगणापलीकडे तीन दगड मांडून, वेगळ्या भांड्यात ते शिजे.

या वाटणीत एक गोष्ट आजोबा सांगायचे टाळत. काट्यांत कोण शिरणार आणि बंदूक घेऊन कोण बसणार, हे बरंचसं जातीने ठरलेलं होतं. हाकाऱ्याला वाटा मिळे, पण वाटे पाडायला बसण्याचा मान मिळत नसे. ते न सांगता नुसती वाटणीची थोरवी गाणं मला खोटेपणाचं वाटतं.

तरीही वाट्याचा हा हिशेब आमच्या गावापुरता नाही, हे पुढे वाचताना कळलं आणि फार आनंद झाला. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कलहारीच्या वाळवंटात सान लोकांमध्ये मांस वाटण्याचा अधिकार ज्या बाणाने जनावर पडलं त्या बाणाच्या मालकाचा असे, आणि बाण तर ते एकमेकांना देत-घेत असत. त्यामुळे उत्तम नेमबाजाच्या भात्यातला बाणही कुणा म्हाताऱ्याचा किंवा बाईचा असू शके. रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने नाताळासाठी त्यांना भलामोठा बैल आणून दिला, तेव्हा सगळ्यांनी त्या बैलाची हाडांचा सापळा म्हणून टर उडवली. मारणाऱ्याच्या, देणाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून शिकारीची अशी निंदा करायची, ही तिथली रीत. शिकारीच्या जोरावर कुणी इतरांच्या डोक्यावर बसू नये, याची एवढी काळजी त्या माणसांनी घेतली होती.

आपल्या कोकणातही शिकारीची गोष्ट किती मागे जाते, ते सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, दिसतं. कशेळीच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेला सुमारे १८ मीटरचा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरले आहेत. इतर सड्यांवर गेंडाही सापडतो. शेतीचं चित्र मात्र या कातळशिल्पांत आढळत नाही, म्हणून ती कोरणारे शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारे असावेत, असं अभ्यासक मानतात.

राजांची शिकार वेगळी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मृगया ही राजाची करमणूक म्हणून सविस्तर येते. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडत. आपले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले गेले. ज्या काळात संस्थानिक आणि साहेब मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेत होते, त्याच काळात तित्तिराचा आवाज हुबेहूब काढून फाशात पाखरू धरणारा फासेपारधी जन्माने गुन्हेगार ठरला होता. १८७१ चा तो गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला पारध्यांसारख्या जमाती त्या शिक्क्यातून सुटल्या. कागदावर सुटल्या, असंच म्हणावं लागतं. चित्ता ज्यांनी संपवला त्यांच्या पिढ्यांना कुणी संशयाने पाहत नाही, पारध्याच्या पोराला आजही पाहतात.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि गावपारध हळूहळू थांबली. ती थांबली हे योग्यच झालं. रान तेवढं उरलेलं नाही. शेती उद्ध्वस्त करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडे परवानगी मागता येते, ती रीत किचकट असली तरी वापरायला हवी.

कारण गावपारधीच्या जागी जे आलं आहे ते भयंकर आहे. क्लचच्या तारेची फासकी. ती लावणारा रात्रीत येतो, कौल घेत नाही, वाटा देत नाही, आणि डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकून तडफडून मरतो. गाभण मादी की पिल्लू, तारेला फरक पडत नाही. कोकणात हे वारंवार घडतं, आणि गावात कुणाला ना कुणाला ते ठाऊक असतं. गप्प बसू नका. शेताच्या कडेला, कुंपणात, पाणवठ्याच्या वाटेवर तार दिसली, तर तिच्याजवळ न जाता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.