प्रादेशिक भूगोल आणि नकाशाशास्त्र : विद्यापीठातील एक जोडविषय

शालेय परीक्षेत 'नकाशात भरा' या प्रश्नापुरता नकाशाशी संबंध आलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या भूगोल विभागात दाखल होतो, तेव्हा कोरा आराखडाही त्यालाच तयार करावा लागतो. प्रमाण कोणते घ्यावे, प्रक्षेपण कोणते निवडावे, काय दाखवावे आणि काय गाळावे, हे सर्व त्याने ठरवायचे असते. भूगोलाच्या अभ्यासक्रमात नकाशाशास्त्राची प्रात्यक्षिके आणि प्रादेशिक भूगोल हे दोन्ही विषय पूर्वीपासून शिकवले जातात. नकाशा काढताना करावी लागणारी निवड प्रदेशाच्या अभ्यासातूनच करता येते आणि प्रदेशाच्या सीमा नकाशावरच तपासता येतात, हे त्यामागील कारण होय.

प्रदेश म्हणजे काय?

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये पॉल व्हिदाल द ला ब्लाश यांनी प्रादेशिक भूगोलाला विद्यापीठीय शिस्त दिली. त्यांचा फ्रान्सच्या भूगोलावरील ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. भूमी, हवामान आणि तेथील माणसांची जगण्याची रीत यांच्या दीर्घ सहवासातून प्रदेश घडतो, अशी त्यांची मांडणी होती. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. कोकण, मावळ, देश, खानदेश, वऱ्हाड ही नावे प्रशासनाच्या नकाशापेक्षा जुनी आहेत आणि त्यांतील प्रत्येकाची माती, पीक व बोली लोकांना ठाऊक आहे. चं. धुं. देशपांडे यांनी १९४८ मध्ये पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावर इंग्रजीतून ग्रंथ लिहून या परिसराचा शास्त्रीय अभ्यास मांडला.

प्रात्यक्षिकाच्या वर्गात

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन हा प्रात्यक्षिकाचा पाया असतो. या विभागाची स्थापना १७६७ ची. १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. प्रत्येक पत्रक १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश एवढा भाग व्यापते. पारंपरिक क्रमांकपद्धतीत पुणे शहराचा मध्यभाग '४७ एफ/१४' या पत्रकात येतो. समोच्च रेषा दाट असतील तेथे उतार तीव्र असतो आणि विरळ असतील तेथे मंद. या रेषांवरून विद्यार्थी दरीचा छेद काढतो. विहिरी, पाऊलवाटा, वस्त्या यांच्या खुणांवरून गाव याच ठिकाणी का वसले असावे, याचा तर्क करतो. पुढे समतलफलक व होकायंत्र घेऊन तो स्वतः मोजणी करतो आणि क्षेत्रभेटीत गावातील शेतांचा भूमी-उपयोग नोंदवतो.

आकडेवारीचे नकाशे हा यापुढचा टप्पा. साताऱ्याच्या पावसाचे उदाहरण येथे बोलके ठरते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर पूर्वेला असलेल्या वाईला तो १,००० मिलीमीटरही भरत नाही आणि आणखी पूर्वेकडील माण, खटाव हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. संपूर्ण जिल्ह्याला सरासरीनुसार एकच छटा देणाऱ्या क्षेत्रघनी नकाशात हा फरक नाहीसा होतो. समपर्जन्य रेषांच्या नकाशात मात्र तो ठळकपणे उमटतो. दोन्ही नकाशे एकाच आकडेवारीवर आधारलेले असले, तरी टंचाईच्या कामांचे नियोजन पहिल्यावरून केले तर माणमधील शेतकरी दृष्टिआड होतो. पद्धतीची निवड नियोजनावर कसा परिणाम करते, हे विद्यार्थ्याला येथे प्रथम उमगते.

कोलकात्याचा वारसा

या अध्यापनाची भारतातील एक महत्त्वाची परंपरा कोलकाता विद्यापीठात घडली. तिचे शिल्पकार शिवप्रसाद चटर्जी. १९३० च्या दशकात पॅरिस विद्यापीठासाठी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी गारो, खासी व जैंतिया टेकड्यांच्या पठाराला 'मेघालय' असे नाव दिले. १९७२ मध्ये तेथे पूर्ण राज्य अस्तित्वात आले, तेव्हा ते याच नावाने. प्रादेशिक भूगोलाच्या एका प्रबंधातील शब्द अशा रीतीने देशाच्या राजकीय नकाशावर आला.

१९४७ मध्ये या विद्येला अधिक कठोर प्रसंगास सामोरे जावे लागले. बंगालच्या फाळणीचा चटर्जी यांनी नकाशांसह अभ्यास प्रसिद्ध केला. पंजाबच्या सीमा आयोगाच्या वेळी लंडनमधील भूगोलतज्ज्ञ ऑस्कर स्पेट अहमदिया समाजाचे सल्लागार म्हणून लाहोरला आले होते. लोकसंख्येच्या नकाशासाठी जिल्हा हा घटक घ्यावा की तहसील अथवा ठाणे, यावर बहुसंख्येची सीमा बदलत होती. बंगालमध्ये जिल्हानिहाय बहुसंख्येनुसार केलेल्या तात्पुरत्या विभागणीत मुर्शिदाबाद पाकिस्तानकडे आणि खुलना भारताकडे होते. १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झालेल्या निवाड्यात ही अदलाबदल झाली. कोलकाता बंदर ज्या भागीरथी-हुगळीवर अवलंबून आहे, तिचा गंगेपासून फुटणारा वरचा प्रवाह मुर्शिदाबाद परिसरात आहे. धर्मसंख्येच्या नकाशाबरोबर नद्यांचा नकाशाही विचारात घेतला गेला आणि लाखो माणसांचा देश त्यावरून ठरला.

पुढे चटर्जी यांनी नकाशांद्वारे बंगालचे दर्शन घडवणारा संग्रह १९४९ मध्ये सिद्ध केला. १९५६ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय नकाशासंग्रह संघटना स्थापन झाली आणि तिच्या उभारणीची धुरा त्यांच्याकडे आली. देशाचा पहिला राष्ट्रीय नकाशासंग्रह १९५७ मध्ये हिंदीतून निघाला. १९६८ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूगोल परिषद भरली, त्या वेळी आंतरराष्ट्रीय भूगोल संघाचे अध्यक्षपद चटर्जी यांच्याकडेच होते.

ओहोटी आणि नवी साधने

पाश्चात्त्य विद्यापीठांत १९५० नंतर प्रादेशिक भूगोलाला ओहोटी लागली. प्रत्येक प्रदेश वेगळा मानून केवळ त्याचे वर्णन केल्याने सर्वसामान्य नियम हाती येत नाहीत, अशी टीका फ्रेड शेफर यांनी १९५३ मध्ये केली आणि पुढे संख्याशास्त्रीय पद्धतींचे प्रस्थ वाढले. त्यानंतर उपग्रह प्रतिमा आणि भौगोलिक माहिती प्रणाली अर्थात 'जीआयएस' यांनी नकाशाशास्त्राचे रूपच पालटले. माती, उतार, पाऊस आणि वस्ती यांचे थर एकमेकांवर ठेवून पाहण्याची सोय संगणकाने केली. हे काम प्रादेशिक भूगोलाचे अभ्यासक पूर्वी पारदर्शक कागदावर करीत असत.

भारतात मात्र दीर्घकाळ अडचण होती ती नकाशे मिळण्याची. सीमाभाग आणि किनारपट्टीलगतची पत्रके प्रतिबंधित असल्याने कोकणातील विद्यार्थ्याला आपल्याच तालुक्याचे पत्रक सहजी मिळत नसे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि नागरिकांसाठी दुसरी, अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ मध्ये नागरी मालिकेतील नकाशे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेण्याची सोय झाली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांसाठी नकाशानिर्मितीच्या पूर्वपरवानगीची अट काढून टाकली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आले.

साधनांची टंचाई अशा प्रकारे कमी झाल्यावर अध्यापनापुढचा प्रश्न बदलला आहे. आकड्यांचा तक्ता दिला की संगणक क्षणात रंगीत नकाशा काढून देतो. वर्गांतरे किती असावीत, हेही तो स्वतःच ठरवतो. वर्गांतर बदलले की एखादा तालुका 'मध्यम' गटातून 'गंभीर' गटात जातो, हे ज्याने हाताने छटा भरल्या आहेत त्याच्या लगेच ध्यानात येते. म्हणून आज्ञावलीच्या प्रशिक्षणाबरोबर पत्रकवाचन आणि क्षेत्रभेट यांचे तास अभ्यासक्रमात टिकणे आवश्यक आहे. विकास आराखडा, पूररेषा, पाणलोट क्षेत्र किंवा मतदारसंघाची पुनर्रचना यांचे निर्णय नकाशे समोर ठेवूनच होतात. त्या नकाशात काय गाळले गेले, हे विचारू शकणारा पदवीधर घडवणे हे भूगोल विभागांचे काम आहे.