गाऱ्हाण्यांचा अनुक्रम

दहा मागण्या घेऊन जो सरकारदरबारीं जातो, तो बहुधा रिकाम्या हातीं परततो. परंतु दहांपैकीं पहिली मागणी कोणती, हें ठरविणें मुळींच सोपें नाहीं. मराठवाड्यांतील स्थानिक संस्थांचा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाशीं चाललेली झटापट होय.

इंग्रजी मुलखांत १८९२ च्या कायद्यानें स्थानिक संस्थांस कायदे कौन्सिलांत आपला माणूस पाठविण्याची वाट मिळाली. १८९५ सालीं लोकमान्य टिळक याच वाटेनें मुंबईच्या कौन्सिलांत गेले. नांदेड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें त्यास ही वाट बंद होती. पुढें २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत लोकसंख्येच्या प्रमाणांत खर्च व मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष, असें वचन मिळालें. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकीं २२ जागा स्थानिक संस्थांचे सभासद भरतात. त्यांत नांदेडचा मतदारसंघ स्वतंत्र आहे, तर लातूर हें बीड व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) यांच्याशीं जोडलेलें आहे.

दार उघडलें, पण आंत जाऊन मागावयाचें काय? प्रत्येक सभासद आपापल्या गटांतून निवडून येतो. त्यास आपल्या गटाचा रस्ता व आपल्या गांवचा तलाव प्रथम दिसतो, आणि हें स्वाभाविकहि आहे. मात्र अशा मागण्यांची नुसती बेरीज केल्यानें जिल्ह्याची मागणी तयार होत नाहीं.

या गोंधळांत पहिलें माप आणलें तें प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनें. १९८३ सालीं नेमलेल्या या समितीनें रस्ते, पाटबंधारे इत्यादि एकेका क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागें आहे, हें मोजलें. १९८४ च्या अहवालांत एकूण अनुशेष सुमारें ३,१८६ कोटि रुपयांचा व मराठवाड्याचा सुमारें ७५१ कोटींचा निघाला. गाऱ्हाण्यास आंकडा मिळाला, म्हणजे क्रम लावण्यास आधार मिळाला. तथापि सरासरी जिल्ह्याची होती. जिल्ह्यांतल्या जिल्ह्यांत कोण मागें, हें तिला सांगतां येईना. तें काम १९९८ च्या कायद्यानें जिल्हा नियोजन समित्यांकडे आलें. त्यांचे चारपंचमांश सभासद स्थानिक संस्थांच्या लोकप्रतिनिधींतून निवडावयाचे असतात.

या वादाचें मर्म विष्णुपुरीस दिसतें. गोदावरीवरील हा बंधारा उपसा सिंचनासाठीं बांधला गेला. त्याचेंच पाणी नांदेड शहर पितें. कोरड्या वर्षीं शेतकऱ्याची मागणी व नगरवासीयाची मागणी एकाच जलाशयाच्या दोन कांठांवर उभ्या राहतात. राज्याच्या २००३ च्या जलनीतीनें पिण्याचें पाणी प्रथम, नंतर उद्योग व मग शेती असा क्रम लाविला. २०११ सालीं शेती उद्योगाच्या पुढें आली. शब्दांचा हा क्रम बदलला कीं पिकांचें नशीब बदलतें.

जेथें माणसें वेळींच क्रम लावीत नाहींत, तेथें तो संकट लावितें. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्या दिवसांत शहराची पहिली मागणी कोणती, हें विचारण्यासाठीं सभा भरविण्याची गरजच नव्हती. सभेची गरज असते ती तलाव भरलेला असतांना. त्या वेळीं सर्वांसमक्ष, कारणांसह लिहून ठेवलेला क्रमच मंत्रालयांत वजन पाडतो. आणि ज्याची मागणी मागें राहिली, त्यासहि ती कां राहिली हें कळतें.