पाचक विकरे

पाचक विकरे : अन्नातील मोठ्या रेणूंचे जलीय विच्छेदन करून ते शोषणयोग्य बनविणारी उत्प्रेरक प्रथिने (पहा : विकरे). टेओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये जठरातील पेप्सिन शोधले.

कार्य : शिरूर-दौंड भागातील ज्वारीची भाकरी व पिठले हे जेवण घेतल्यास, भाकरीतील स्टार्चवर लाळेतील अमायलेज तोंडातच क्रिया सुरू करते. जठरात आम्लामुळे ती थांबते. तेथे पेप्सिन बेसनातील प्रथिने तोडते. लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेज, ट्रिप्सिन व लायपेज कार्य करतात; पित्त फोडणीच्या तेलाचे सूक्ष्म थेंब करते. आतड्याच्या अस्तरातील माल्टेजमुळे अखेर ग्लुकोज मिळते.

महत्त्व : लॅक्टेज कमी असल्यास दुधातील शर्करा नीट पचत नाही. सेल्युलोज तोडणारे विकर मानवी शरीर तयार करत नाही (पहा : तंतुमय पदार्थ).