जमीन कशी आहे?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय ऐकून पारनेरची मंडळी हसतील, पण ज्या तालुक्यात पावसाचीच मारामार, तिथल्या माणसाने आज बर्फावर लिहायचं ठरवलंय. त्याला कारण आमची कन्या आणि तिचे आजोबा.

गेल्या वर्षी जानेवारीत व्हरमाँटच्या एका डोंगरावर मुलगी स्की करताना पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात झोळीत. चूक तिची नव्हती, माझी होती. तिला रुंद स्की हव्या होत्या, कारण व्हिडिओत सगळे भुसभुशीत बर्फातून तरंगत जाताना तसल्याच स्की वापरतात. मला एके ठिकाणी वापरलेल्या, मधोमध ११२ मिलिमीटर रुंद अशा स्की स्वस्तात मिळाल्या. मी हिशोब केला तो असा, की रुंद म्हणजे स्थिर आणि स्थिर म्हणजे सुरक्षित. शिवाय निम्मी किंमत. आपला नगरी हिशोब!

रात्री पारनेरला फोन केला. आबांना स्की म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. आमच्या आळीतले एक फौजी गुलमर्गला बर्फावरचं शिक्षण घेऊन आले होते (तिथे लष्कराने डिसेंबर १९४८ मध्ये स्की शिकवायची शाळा काढली, तिचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं), त्यांच्या गोष्टी आबांनी पारावर ऐकलेल्या. सगळं ऐकून ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आरं, पण तिथली जमीन कशी हाय? मऊ का मुरमाड?"

मी म्हटलं, आबा, बर्फ आहे, जमीन नाही.

"बर्फाची बी जात आसंल की."

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. पूर्वेकडचा बर्फ म्हणजे एकदा पडतो, मग पाऊस येतो, मग रात्रीत सगळं गोठतं. वर यंत्राने फवारलेला बर्फ. सकाळी उतार फरशीसारखा असतो. व्हिडिओतला भुसभुशीत बर्फ युटाचा, कोलोरॅडोचा, नाहीतर जपानातल्या होक्काइदोचा. मी मुलीला मुरमाडावर काळ्या रानाचं औत दिलं होतं.

त्या सहा आठवड्यांत मुलगी घरात बसून होती आणि मी स्कीचा इतिहास वाचत होतो. अपराधी माणूस वाचतो फार!

स्की हा खेळ नव्हता, ते चालायचं साधन होतं. उत्तर युरोपातल्या दलदलीत हजारो वर्षांपूर्वीच्या लाकडी स्की सापडल्या आहेत. मला सगळ्यात आवडली ती नॉर्वे-स्वीडन-फिनलंडकडची जुनी जोडी, कारण ती जोडी नव्हतीच. एका पायात लांब स्की घसरायला, दुसऱ्या पायात आखूड, खालून कातडं लावलेली, रेटा द्यायला. दोन पायांना दोन कामं, म्हणून दोन अवजारं.

मग येतो सोंद्रे नॉरहाइम. जन्म १८२५, गाव नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातलं मॉर्गेदाल. गरीब कूळ. त्याचं गाव चढउताराचं, त्यामुळे नुसतं सरळ जाऊन भागत नसे, वळावं आणि उडावं लागे. त्याने मुळ्या पिळून टाचेमागून घट्ट बांधणी केली, आणि मधे कंबर बारीक असलेल्या त्याच्या स्की गाजल्या. डमरूसारखा आकार म्हणा. अशी स्की कडेवर कलवली आणि दाबली की ती वाकते आणि आपोआप वळण घेते. १८६८ मध्ये क्रिस्तियानियाला (आताचं ओस्लो) झालेल्या स्पर्धेत वयाच्या ४२ व्या वर्षी त्याने राजधानीच्या लोकांना थक्क केलं. आज जगभर वापरला जाणारा 'स्लालम' हा शब्द त्याच भागातला.

१८८८ मध्ये फ्रित्यॉफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं, त्याचं पुस्तक आलं आणि युरोपला स्कीचं वेड लागलं. ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डच्या माथियास त्सदार्स्कीने ते वाचून नॉर्वेहून जवळजवळ तीन मीटर लांबीच्या स्की मागवल्या. पण ग्रीनलंडचं सपाट पठार वेगळं आणि आल्प्सचा कडा वेगळा. त्या लांबलचक फळ्या वळेनात. त्याने त्या आखूड केल्या, बांधणी बदलली आणि १८९६ मध्ये आपल्या पद्धतीवर पुस्तक काढलं. नॉर्वेवाल्यांशी त्याचे पुढे बरेच वाद झाले. मला वाटतं दोघंही बरोबर होते, आपापल्या जमिनीवर.

आल्प्समध्ये दुसरी अडचण कडक बर्फाची. लाकडाची धार तिथे लगेच बोथट होई. साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने १९२६ मध्ये कडेला पोलादी पट्ट्या बसवण्याचं पेटंट घेतलं. पुढे हॉवर्ड हेड या विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या अमेरिकन माणसाने १९५० च्या सुमारास धातूचे थर दिलेली स्की आणली. आपल्याकडे १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीती वाटली, असं सांगतात. नव्या अवजाराला सगळीकडे आधी नाक मुरडतातच.

रुंद स्कीचंही तेच झालं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅटॉमिक कंपनीच्या रुपर्ट हुबरने स्नोबोर्डवरून कल्पना घेऊन जाड्याजुड्या स्की केल्या. तरबेज लोक हसले. म्हाताऱ्यांना, दम नसलेल्यांना ठीक आहेत म्हणाले. खरी उलथापालथ केली शेन मॅकॉन्कीने. त्याचं म्हणणं, खोल भुसभुशीत बर्फ ही जमीन नाहीच, ते पाणी आहे! २००१ मध्ये अलास्कात तो चक्क पाण्यावरच्या स्की बांधून बर्फावरून उतरला. २००२ मध्ये व्होलांट कंपनीने त्याची 'स्पॅट्युला' काढली. मधे रुंद, टोकांकडे निमुळती, दोन्ही टोकं होडीसारखी वर उचललेली. म्हणजे नॉरहाइमच्या डमरूच्या बरोबर उलट. खोल बर्फात ती तरंगे, कडक उतारावर धड टिकत नसे. मॅकॉन्की २००९ मध्ये इटलीत, स्कीवरून कड्याखाली झेपावून पॅराशूट उघडण्याच्या प्रयत्नात गेला. पण आजची प्रत्येक पावडर स्की थोडीफार त्याचीच आहे.

फ्रीस्टाइलची गोष्ट आणखी गमतीची. तिथली जमीन माणसानेच बांधलेली. बर्फाचे उंचवटे, लोखंडी कठडे, अर्ध्या नळीसारखे चर. हवेत फिरून पाठमोरं उतरायचं, तर मागचं टोकही वर वळलेलं हवं. आधी असे प्रयोग झाले होते, पण १९९८ मध्ये माइक डग्लस आणि त्याच्या कॅनडातल्या दोस्तांच्या आग्रहावरून सॅलोमनने 'टेनएटी' काढली आणि दुतोंडी स्कीचं युग सुरू झालं. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये तर स्लोपस्टाइल आणि हाफपाइप हे त्यांचे दोन प्रकारच दाखल झाले.

तर सहा आठवड्यांच्या वाचनाचा सारांश, ज्यांची मुलं हट्ट धरून बसली असतील त्यांच्यासाठी:

स्कीची रुंदी पायाखाली मोजतात. कडक, दाबलेल्या उतारासाठी साधारण ८५ मिलिमीटरच्या आत, सगळीकडे चालावी अशी हवी तर ८५ ते १००, आणि खोल पावडरसाठी १०५ च्या पुढे. रुंद स्कीची धार पायापासून दूर जाते, त्यामुळे कडक बर्फात ती रोवायला जास्त जोर आणि जास्त वेळ लागतो. दुसरं, स्की जमिनीवर ठेवून बाजूने पाहा. मध्यभाग धनुष्यासारखा उचललेला असेल तर वजन पडल्यावर तिची पूर्ण धार टेकते, म्हणजे ती कडक बर्फाची. टोकं लवकर उचलली असतील तर ती मऊ बर्फाची. तिसरं, दुतोंडी स्कीवर उभं राहायची जागा मध्याच्या जवळ असते. फिरायला सोपं, पण खोल बर्फात पुढचं टोक बुडायला लागतं. पावडरची स्की थोडी लांब घेतात, उड्यांची थोडी आखूड. आणि शेवटचं, वर्षातून एकदा लांबच्या डोंगरावर जाणार असाल तर तिथल्या स्की तिथेच भाड्याने घ्या. मी हे शहाणपण एका हाडाच्या किमतीत घेतलं.

यंदा मुलीला दुतोंडी पण मधे ८६ मिलिमीटरची, धनुष्यासारखा बाक असलेली घेतली. तिला उड्या सोडायच्या नव्हत्या, मला धार सोडायची नव्हती. पहिल्या दिवशी मी खाली उभा राहून तिला येताना पाहत होतो. माझे हात थंडीने कापत नव्हते.

संध्याकाळी आबांना सांगितलं, कडक बर्फाला अरुंद, मऊला रुंद. ते हसले. "मग आपले दोन कुळव कशापायी व्हते?"

खरंच की. आमच्या पडवीत दोन कुळव असायचे. लांब पात्याचा ओढ्याकाठच्या काळ्या रानाला आणि आखूड पात्याचा वरच्या बरडाला. लहानपणी मी दोन्हींवर बसलोय, वजन म्हणून! दोन का, हे कधी विचारलं नाही.

नॉरहाइमची शेवटची गोष्ट राहिली. १८८४ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेला आला आणि शेवटी नॉर्थ डकोटात स्थिरावला. सगळं सपाट माळरान, डोंगर औषधालाही नाही. १८९७ मध्ये तिथेच वारला. त्याच्या स्की मात्र दाराबाहेर कायम उभ्या असत, असं सांगतात. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

म्हणून पारनेरकरांना एक विनंती. घर आवरायला काढलंय असं कळलं. बैल जाऊन बरीच वर्षं झाली, ट्रॅक्टर येतो, हे मलाही माहीत आहे. तरी ते दोन कुळव सरपणात घालू नका. दिवाळीत आम्ही येतोय. मुलीला ते शेजारी शेजारी ठेवून बघायचेत.