कान कोणी भरले?

मी मूळचा भोरचा, नोकरी सॉफ्टवेअरची. गेल्या महिन्यात चुलत दादाचा मेसेज आला: "पोराचे कान भरलेत. यावर रिसर्च पण आहे, वकिलाला देतोय." सोबत पीडीएफ. आठ महिने मुलगा त्याच्याशी बोलत नाही.

मला आमच्याच भागातली गोष्ट आठवली. १६५९ साली वेल्ह्यातल्या राजगडावर सईबाई वारल्या, तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे. त्यांना दूध पाजणारी धाराऊ भोर तालुक्यातल्या कापूरहोळची. डिसेंबर १६७८ मध्ये हेच राजे वडिलांना सोडून दिलेरखानाकडे गेले, वर्षभराने परतले. का गेले? उत्तरं तयारच असतात: पोरगा बिघडलेला, नाहीतर सावत्र आईने कान भरले.

'बिघडलेला' हे चित्र ठसवण्यात मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा मोठा वाटा. ती लिहिली शंभरहून जास्त वर्षांनी. शिवाय लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनीच १६८१ मध्ये मृत्युदंड दिलेला. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचा ग्रंथ आला. त्यांनी त्या काळचे कागद समोर ठेवले आणि चित्र बदललं. म्हणजे प्रश्न तीन: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि उलट पुरावा आला तर ते मान्य करणार का?

आता पीडीएफ. 'पेरेंटल एलियनेशन सिंड्रोम' हे नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये दिलं. आधार मुख्यतः स्वतःच्या केसेसचा, आणि बरीच पुस्तकं स्वतःच्याच प्रकाशनाची. त्यांच्या यादीत एक लक्षण असं: मूल म्हणतं, "हे माझंच मत आहे." म्हणजे मुलाने नाकारलं तरी निदान पक्कं! कधीच फेल न होणारी टेस्ट आम्ही टेस्ट मानत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये हे निदान नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ च्या सूचीतूनही हा शब्द काढला. आपल्या सुप्रीम कोर्टाने मात्र २०१७ च्या एका निकालात तो वापरलाय. त्यामुळे वकील तो लावणारच.

याचा अर्थ कान भरले जात नाहीत असा नाही. भरतात, घरोघरी. पण मूल दूर जातं ते भीतीने, माराने, नुसत्या दुराव्यानेही. जो अभ्यास ही कारणं आधी तपासतो, तो मी वाचेन.

दादाला फोन केला, सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पोराला कोणी विचारलंच नाही रे, मी पण नाही."